लकव्याचा धोका सांगणारी लाळेची चाचणी: पाचपैकी दोन तारे

साडेसहा हजारांत लकव्याचा आनुवंशिक धोका घरबसल्या कळेल, ही जाहिरात पाहून धाकट्या भावानं पुण्याहून ही चाचणी पाठवली. आमच्या घरात काळजीला कारण आहे. आजोबा लकव्यानं गेले, मोठेबाबाही. बाबांचा डावा हात-पाय 52व्या वर्षी गेला. मेंदूच्या नसेत गुठळी अडकली होती. आरमोरीकडे अशी घरं पुष्कळ. 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीतल्या 86 गावांत मृत्यूंची कारणं तपासली, तो अभ्यास 2015 साली छापून आला. सर्वांत जास्त मृत्यू लकव्याचेच होते, शंभरात चौदा.

नळी छान आहे, रेघेपर्यंत लाळ भरायची, फेस धरायचा नाही. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही. पण सोबत चाचणी केलेला चुलतभाऊ खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खातो. त्याची लाळ लालसर आली, नमुना बाद झाला आणि दुसरी नळी मागवावी लागली. खर्ऱ्याबद्दल माहितीपत्रकात एक अक्षर नाही. कुरिअर गावात येत नाही, तेही लक्षात ठेवा.

अहवाल पूर्ण इंग्रजीत. माझ्या नावापुढे नारिंगी पट्टा, 'धोका सरासरीपेक्षा जास्त'. बाबांनी विचारलं, "म्हणजे तुलेबी होते का?" याचं उत्तर कागदात नव्हतं, ते फोनवरच्या समुपदेशक ताईंनी दिलं. दोन्ही तारे त्यांचेच. पिटएक्स2 या जनुकाजवळ ठरावीक फरक असेल तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते, मग हृदयात गुठळी बनून मेंदूकडे जाऊ शकते. एचडॅक9 जवळचा फरक मोठ्या धमन्या अरुंद होण्याशी जोडलेला आहे. असा एकेक फरक धोका जरासाच वाढवतो. 2022 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात लकव्याचे 1,10,182 रुग्ण होते आणि जनुकांच्या साखळीत लकव्याच्या धोक्याशी जोडलेल्या अशा 89 जागा सापडल्या. नॉच3 हा एकच जनुक बिघडला तरी घराण्यात कमी वयात लकवे येऊ शकतात, पण ते विरळा, आणि या चाचणीत तो तपासतच नाहीत. ताईंच्या सांगण्यावरून ईसीजी काढला, ठोके नीट आहेत.

माझी खरी तक्रार पुढे आहे. अर्ज भरताना बीपी विचारलं नाही, तंबाखू विचारली नाही. ब्रिटनमधल्या तीन लाखांवर लोकांचा अभ्यास 2018 साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आला. जनुकांमुळे धोका जास्त असलेल्यांना कमी धोक्याच्या लोकांपेक्षा लकव्याची शक्यता 35 टक्के जास्त होती. जीवनशैली वाईट असलेल्यांना, चांगली जीवनशैली असलेल्यांपेक्षा 66 टक्के जास्त. बाबांचं बीपी कितीतरी वर्षं कोणी मोजलंच नव्हतं. आता आशाताईंनी नोंद करून घेतली, उपकेंद्रात मोजतात, गोळी तिथंच मिळते.

आणि सिकलसेल! गडचिरोलीच्या पत्त्यावर चाचणी पाठवता आणि यादीत सिकलसेल नाही? हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदलतं, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, आणि लेकरालाही लकवा होऊ शकतो. अमेरिकेतल्या जुन्या नोंदींत एसएस (म्हणजे आई-बाप दोघांकडून बदललेला जनुक आलेल्या) दर दहांतल्या जवळपास एकाला विशीच्या आत झाला होता. आमच्याकडचा प्रकार तुलनेनं सौम्य मानतात, तरी माझी भाची एसएस आहे आणि तिच्या आईची झोप उडालेली मी पाहिली आहे. तिला हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू आहे, डोक्याची डॉपलर (मेंदूच्या नसांतल्या रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) नागपूरला होते. डॉपलरमध्ये रक्ताचा वेग वाढलेला दिसला तर नियमित रक्त चढवून लकव्याचा धोका बराच कमी करता येतो. एएस (एकाच पालकाकडून बदललेला जनुक) असलेल्यानं घाबरू नये, पण लग्नाआधी दोघांची तपासणी करावीच. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते.

घरात कमी वयात लकवे झाले असतील तर हे पैसे मेंदूच्या डॉक्टरकडे जाण्यासाठी ठेवा. कंपनीला माझं मागणं आहे: अहवाल मराठीत द्या, बीपी विचारा, आणि विदर्भात विकायचं असेल तर सिकलसेल यादीत घाला.