सेल सिग्नलिंगसाठी (पेशींमधलं संदेशवहन) जळगावचा हा क्लास लावाच
नेट परीक्षेच्या लाइफ सायन्सवाल्यांनो, अमळनेर-चोपड्याहून अपडाउन करावं लागलं तरी चालेल. मॅडम रास, राफ, मेक, ईआरके ही पेशीत एकामागून एक संदेश पुढे नेणारी प्रथिनं नुसती पाठ करून घेत नाहीत, रासला जीटीपी हा छोटा रेणू चिकटलेला तोवर तो चालू, जीटीपीचा जीडीपी झाला की बंद, आणि म्युटेशनमुळे बंदच झाला नाही तर पेशी वाढतच सुटते, हे सगळं फळ्यावर काढून दाखवतात. पीसी१२ पेशींचं (प्रयोगशाळेत वाढवतात त्या उंदराच्या पेशी) तर भारीच, ईजीएफ हे वाढीचा संदेश देणारं प्रथिन दिलं की ईआरके थोडाच वेळ चालू राहतं आणि पेशी विभागतात, एनजीएफ हे तसंच दुसरं प्रथिन दिलं की तासन्‌तास चालू राहतं आणि त्याच पेशींना न्यूरॉनसारखे फाटे फुटतात! नॉच आणि विंट हे दुसरे सिग्नलिंगचे मार्ग मात्र घाईत उरकले, तिथे अजून लेक्चर पाहिजेत. फी हप्त्याने घेतात.