बोअर ५६० फूट सांगितला, दोरी ४४० वरच टेकली

बोअर घेणार असाल तर रॉड मोजायला घरचा माणूस उभा करा. खोदताना आत जाणारा एक रॉड २० फुटांचा. माझ्याकडून २८ रॉडचे, म्हणजे ५६० फुटांचे पैसे घेतले. मोटार सोडण्याआधी फिटरने दोरीला वजन बांधून आत सोडलं, तर ४४० फुटांवर तळ! जाब विचारला तर म्हणे गाळ बसला. कॉम्प्रेसरने साफ करून दिलेल्या बोअरमध्ये आठवड्यात १२० फूट गाळ?

पहिले ३०० फूट ९५ रुपयांनी २८,५००. पुढचे शंभर १०५ ने १०,५००, त्यापुढचे शंभर १२० ने १२,०००, शेवटचे ६० फूट १४० ने ८,४००. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवायचा पाइप, ८० फूट, ४५० रुपयांनी ३६,०००. पाणाड्याचे ५,१०० वेगळे, आणि तो पाणाड्याही बोअरच्या गाडीवाल्यानेच आणलेला. एकूण १,००,५०० रुपये, सगळे रोख. पाणी टिपूसभर नाही.

फुटांपेक्षा मोठी चोरी केसिंगमध्ये झाली. प्लॉट बार्शीजवळ. इथे खाली सगळा बेसाल्ट, लाव्हाचे थर एकावर एक. पाणी सापडतं ते वरच्या झिजलेल्या खडकात, भेगांत, नाहीतर दोन थरांच्या सांध्यात. साठ फुटांवर पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक लागला, धूळ थांबली आणि चिखल उडायला लागला. तिथेच गाडी थांबवायला हवी होती! ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हे वरवरचं पाणी, उन्हाळ्यात आटतं. केसिंगने बंद करू, खाली मोठा झरा आहे." आणि लागलेलं पाणी पाइपामागे गाडून टाकलं. शेजाऱ्यांचं केसिंग ३० फूटच आहे, त्यांना मे महिन्यातही पाणी असतं.

नंतर रात्रीपर्यंत सिमेंटसारखी करडी, कोरडी पूड. "अजून शंभर फूट, साहेब." दर शंभर फुटांनी भाव चढतो, तो थांबेल कशाला? खडक ओळखणं माझं काम नाही. त्याचं आहे, त्याचेच पैसे तो घेतो.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी व्यवहार. पाण्याच्या सरकारी कार्यालयात सांगितलं, खासगी बोअरशी आमचा संबंध नाही, ग्रामपंचायतीत जा. तिथे उलट मलाच विचारलं, परवानगी घेतली होती का? राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात रिगमालकांच्या, म्हणजे बोअरच्या गाडीमालकांच्या, नोंदणीची तरतूद आहे. ह्या गाडीची नोंदणी आहे का, एवढं बघायला एकही साहेब खुर्चीतून उठला नाही. गाडी तामिळनाडू पासिंगची, एजंट फोन उचलत नाही. वकील म्हणतात पक्कं बिल आणा. माझ्याकडे वहीच्या पानावरची बेरीज आहे.

केसिंग किती फूट टाकणार ते आधी लिहून घ्या. दर वीस फुटांचा चुरा पिशवीत भरून ठेवा. खोली दोरीने मोजल्याशिवाय शेवटचा पैसा देऊ नका. ती गाडी अजून आमच्याच भागातल्या प्लॉटिंगमध्ये फिरते आहे.