डोळ्याचा ओसीटी स्कॅन: मशीनला पाच स्टार, सेंटरला तीन

युव्हिआयटिसचा पेशंट आहे मी, म्हणजे डोळ्याच्या आत सूज येते आणि पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, त्यामुळे ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, पडद्याचा स्कॅन) आता नेहमीचंच झालंय. टेस्ट म्हणून एकदम सुखाची. हनुवटी टेकवा, आतल्या खुणेकडे बघा, पापणी मिटू नका, काही सेकंदात एक डोळा उरकतो. सुई नाही, डोळ्याला काही लागत नाही, नुसता इन्फ्रारेड प्रकाश आत जाऊन परत येतो आणि त्यावरून पडद्याचे थर न थर दिसतात. मधल्या भागाची जाडी मायक्रॉनमध्ये येते, साधारण 250 च्या आसपास हवी, माझी 400 पार गेलेली, मग स्टिरॉइडवर उतरत गेली आणि ते आकड्यात बघायला जाम बरं वाटतं.

पण "ओसीटी केला, आता डायवाली टेस्ट कशाला" असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबा. ओसीटीला साचलेलं पाणी दिसतं, गळणारी वाहिनी नाही. ओसीटी अँजिओग्राफी (डाय न टोचता रक्तवाहिन्यांचा स्कॅन) केली तरी ती रक्त कुठून वाहतंय तेवढंच दाखवते, कारण ती रक्तपेशींची हालचाल पकडते, बाहेर झिरपलेलं पाणी तिला कळत नाही. माझा मधला भाग मस्त कोरडा होता, औषध कमी करायचं चाललेलं, आणि फ्लुरेसिन अँजिओग्राफी (हीच ती डायवाली टेस्ट, हातात चमकणारा डाय टोचून पडद्याच्या वाहिन्यांचे फोटो काढतात) केली तर कडेच्या वाहिन्या सगळ्या धूसर चमकत होत्या, म्हणजे गळती चालूच! 1961 सालची टेस्ट आहे ती, ओसीटी आला 1991 ला, तरी या कामात म्हातारीच भारी. त्रास म्हणाल तर हातात सुई, कुणाकुणाला थोडी मळमळ, आणि लघवी दुसऱ्या दिवसापर्यंत भडक पिवळी होते, घाबरू नका. ॲलर्जी असेल तर मात्र आधीच सांगा.

आता सेंटर (नाव नको). टेक्निशियन मॅडम गोड, पापणी हलली तर न चिडता परत काढतात. पण पडद्याच्या जाडीच्या रंगीत नकाशाची ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट हातात देतात, त्यात काय दिसणार कप्पाळ? सॉफ्ट कॉपी मागून घ्या. शिवाय मध्येच मशीन बदललं आणि सांगितलं नाही, वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे जुळत नाहीत, मी उगाच सूज वाढली म्हणून टेन्शनमध्ये. पार्किंग नाहीये, तसंही बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की गाडी चालवता येत नाही, रिक्षानेच जा.