'सत्या' आधी की 'वास्तव'?

परभणीत नाटक करणाऱ्या भाच्याने विचारले, "मामा, पात्रनिवड आणि कथन शिकायचे, तर आधी 'सत्या' (१९९८) पाहू की 'वास्तव' (१९९९)?"

दोन्ही मुंबईच्या गुन्हेगारी जगावरचे हिंदी चित्रपट. पात्रनिवडीत मला 'सत्या'चे पारडे जड वाटते. जे. डी. चक्रवर्ती यांचा चेहरा हिंदी प्रेक्षकांच्या फारसा ओळखीचा नव्हता, त्यामुळे मुंबईत उतरलेला, मागचापुढचा पत्ता नसलेला माणूस पटतो. टोळीचा म्होरक्या भिकू म्हात्रे साकारणाऱ्या मनोज बाजपेयींना तर सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'वास्तव'मध्ये संजय दत्त आधीपासूनच तारा होता, म्हणून पावभाजीच्या गाडीवरचा रघू सुरुवातीला जरा परकाच वाटतो. (आमच्याकडे गाडीवाला इतका ऐटीत उभा राहिला, तर गिऱ्हाईकच बिचकेल!) मात्र रीमा लागू आणि शिवाजी साटम यांनी उभे केलेले आईवडील आणि संजय नार्वेकरांनी साकारलेला रघूचा मित्र देढ फुट्या ती उणीव भरून काढतात. अंगावर सोने मिरवत घरी आलेल्या रघूसमोर आईचा चेहरा पाहावा. तिथे संवादांची गरजच उरत नाही.

कथनाच्या बाबतीत 'वास्तव' सरळ उताराचा आहे: गाडीवरचे एक भांडण, एक मृत्यू, आणि मग परतीची वाट बंद. 'सत्या' मात्र टोळीच्या रोजच्या जगण्यात रेंगाळतो; भिकू बाहेर दरारा गाजवतो आणि घरी बायकोच्या तोंडाला लागून गप्प होतो.

ज्याला कारण-परिणामाची घट्ट साखळी आणि घराची शोकांतिका शिकायची आहे, त्याने 'वास्तव' घ्यावा. अनेक पात्रांचा मेळ बसवायचा असेल, तर 'सत्या'. भाच्याच्या नाटकात अकरा पात्रे आहेत, तेव्हा त्याला मी 'सत्या'च सुचवला.