क्रँक सेन्सर : गार असताना साव, तापला की चोर

मोटर वाइंडिंगमध्ये माझी २८ वर्षं गेली. जळालेली मोटर मी वासावरून ओळखतो. तरीही माझ्याच गाडीतली एक बोटभर कॉइल, म्हणजे हा क्रँक सेन्सर, मला चार महिने चकवत राहिली. त्या काळात दोन सेन्सर विकत घेतले, एक फसला, एक टिकला. त्या दोघांबद्दल हे लिहितोय.

गाडी २००४ची, पेट्रोल. दुखणं असं की सकाळी एका सेल्फला सुरू व्हायची. अर्धा तास चालून इंजिन नीट तापलं, की सिग्नलला उभी असताना गपकन बंद. आचका नाही, धडधड नाही, कुणीतरी किल्ली फिरवावी तशी. मग कितीही सेल्फ मारा, इंजिन नुसतं फिरतंय. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की काही झालंच नव्हतं अशा थाटात पुन्हा सुरू.

गॅरेजवाल्याने पेट्रोल पंप बदलला. त्याला अगदीच दोष देत नाही, कारण सेल्फ मारताना पंपाचा आवाज येत नव्हता हे खरंच होतं. पण क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) फिरतोय असा सिग्नल सेन्सरकडून आला नाही, तर इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पंप चालूच ठेवत नाही. किल्ली ऑन केल्यावर दोनेक सेकंद तो गुणगुणतो आणि गप्प बसतो. म्हणजे पंप धडधाकट होता, त्याला कुणी काम सांगत नव्हतं. स्कॅनरवर तेव्हा एकही कोड नव्हता. पी०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा कोड, पुढे बऱ्याच दिवसांनी आला. त्याआधी डॅशबोर्ड मात्र सांगत होता, मीच बघितलं नाही : सेल्फ मारताना आरपीएमचा काटा एरवी जरासा उचलायचा, आता तो शून्याला चिकटून होता.

माझ्या गाडीत हा सेन्सर दोन वायरींचा, चुंबकीय. चुंबकाभोवती केसासारख्या तारेची कॉइल, बस. समोरून फ्लायव्हीलवरची (क्रँकच्या टोकाला बसवलेल्या जड चाकावरची) दातेरी रिंग फिरते. साठ दातांची जागा, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. ती मोकळी जागा समोरून गेली की इसीएमला क्रँक कुठे आहे ते कळतं. त्यावरूनच ठिणगी आणि पेट्रोल कधी द्यायचं ते ठरतं. कॉइलची तार कुठे तुटत आली असेल, तर गार असताना टोकं टेकून राहतात आणि तापल्यावर आतलं प्लॅस्टिक फुगलं की सुटतात. मोटरींमध्ये हा प्रकार मी शेकडो वेळा पाहिलाय. गाडीत मात्र सुचला नाही.

पहिला सेन्सर घेतला तो स्वस्तातला. नाव सांगत नाही. खोका चकचकीत, वायर कडक, ओरिंग (रबराची सील) सुतळीसारखी बारीक. मीटरवर ८५० ओहम दाखवले, म्हणजे तार अखंड, मी खूश. बसवल्या दिवसापासून सकाळी सेल्फ जास्त मारावा लागायला लागला आणि सातव्या आठवड्यात गाडी पुन्हा भर चौकात बंद. काढून व्हर्नियर लावला तर त्याचं नाक जुन्यापेक्षा ०.८ मिलिमीटर आखूड! दात आणि सेन्सरच्या टोकामधली फट मुळात मिलिमीटरच्या आसपास असते. तिथे एवढा फरक म्हणजे सिग्नल अर्धमेला. सेल्फ मारताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून तो सिग्नल मोजला तर जेमतेम ०.४ व्होल्ट.

दुसरा घेतला बॉशचा, कारण गाडीतून निघालेल्या मूळ सेन्सरवर बॉशचाच शिक्का होता. तोच नंबर जुळवून मागवला. या वेळी बसवण्याआधी परीक्षा घेतली. सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधलेलं, वायरी बाहेर, आणि पिशवी थर्मासमधल्या ८० अंशांच्या पाण्यात. दहा मिनिटं मीटरकडे बघत बसलो. ८६५ ओहमवरून आकडा सावकाश चढत १०४५ला जाऊन स्थिर झाला. हे बरोबरच आहे, तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. मग स्वस्तवाला बुडवला. ९०० पार केल्यावर आकडे उड्या मारायला लागले आणि थोड्या वेळाने मीटर सरळ ओपन, म्हणजे तार तुटलेली, दाखवू लागला. पाण्यातून काढून गार केला, पुन्हा ८५०. लबाड! (तीन वायरींचा हॉल सेन्सर असेल तर हा खेळ करू नका, त्यात इलेक्ट्रॉनिक्स असतं, ओहम मोजून काही कळत नाही.)

बसवणं म्हणाल तर एकच दहाचा बोल्ट. पण पहिल्या खेपेला मूळ सेन्सर वीस वर्षांच्या गंजाने भोकात बसलेला. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला आणि सकाळी डावी-उजवीकडे हलके फिरवत काढला. पेचकसाने उचकटला असता तर डोकं हातात आणि धड आत राहिलं असतं. टोकाला लोखंडाच्या बारीक किसाची मिशी आली होती. भोक पुसून घेतलं, नव्या ओरिंगला इंजिन ऑइलचं बोट लावलं, सेन्सर दाबून पूर्ण बसवला आणि मगच बोल्ट आवळला. बोल्टच्या जोरावर ओढून बसवू नका, सेन्सरचा बोल्ट जातो तो कान तुटतो.

आता सेल्फला १.२ व्होल्ट मिळतात आणि काटा लगेच उचलतो. पाच महिने झाले, भर उन्हात ट्रॅफिकमध्येही एकदाही बंद पडली नाही. सेन्सरला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो वायरीसाठी. ती मूळ वायरीपेक्षा चार बोटं लांब आहे आणि खोक्यात क्लिप नाही. मोकळी सोडली तर ती थेट सायलेन्सरच्या पाइपवर जाऊन टेकते. मी दोन केबल टाय लावून ती वर बांधली आहे.