मठाची शेतवाडी, तिचा खंदक आणि रात्री साडेबाराचा ऑनलाइन वर्ग

आधी पैशांचं आणि वेळेचं बोलून टाकते, कारण वडोदऱ्यात मी कुणालाही या वर्गाबद्दल सांगितलं की पहिला प्रश्न तोच येतो. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाचा हा वर्ग. विषय मध्ययुगातल्या मठांच्या शेतवाड्या आणि त्यांच्याभोवतीचे पाण्याचे खंदक, पुरातत्त्वाच्या अंगाने. फी पौंडात भरायची. कार्डाचं शुल्क आणि बँकेचा भाव धरून ती पंधरा हजारांच्या वर गेली. वर्ग त्यांच्या संध्याकाळी सातला, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेबाराला. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे सरकतात, मग साडेअकराला. जागरण झेपत असेल तर थेट बसा. नाहीतर दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग मिळतं. मी बहुतेक तास तसेच पाहिले, दांडिया बाजारातल्या घरी, दुपारच्या चहाबरोबर.

माझं मत किती मोजायचं ते तुम्हाला ठरवता यावं म्हणून हेही सांगते. माझी नोकरी सिंचाई खात्यात, नकाशे काढण्याच्या टेबलावर गेली. कालव्यांचे आडवे-उभे छेद, मोऱ्या, सांडवे, लेव्हलच्या, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या, वह्यांमधले आकडे. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईने, नंतर संगणकावर. इतिहास शाळेत सुटला तो सुटलाच. साधुसंन्याशांपेक्षा मला पाण्याचं कुतूहल जास्त, आणि जाहिरातीत एका खंदकाचा छेद दिसला म्हणून मी नाव घातलं.

खंदक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला येतो. तो आधी पुसून टाका. इंग्लंडमध्ये खंदकाने वेढलेल्या अशा सुमारे ६,००० जागा माहीत आहेत, बहुतेक देशाच्या मधल्या आणि पूर्वेकडच्या भागात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा १२५० ते १३५० या शंभर वर्षांत खणलेल्या. आत बुरूज नाहीत की तोफा नाहीत. जमीनदाराचं घर, कोठार, कुठे नुसती फळबाग. काही ठिकाणी मठाची शेतवाडी. नॉर्थहॅम्प्टनशायरमधल्या बॅडबीला इव्हशॅमच्या मठाची अशी खंदकवाली वाडी होती, तिच्यावर पहिल्याच तासात बराच वेळ दिला.

मठाने स्वतः शेती करायची ही कल्पना शिक्षकांनी फार चांगली उलगडली. १२व्या शतकात सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाच्या मठांनी ती पद्धत जोरात नेली. दान मिळालेली जमीन गावच्या सामाईक शेतीच्या भानगडीत अडकू द्यायची नाही, सलग तुकडा करायचा, आणि कसायला आपलीच माणसं ठेवायची. ही माणसं म्हणजे मठाचे सेवक-बंधू. व्रत घेतलेले, पण दिवसभर प्रार्थनेऐवजी नांगर आणि मेंढ्या सांभाळणारे. आपल्याकडे देवस्थान इनामाची जमीन कुळं कसत आणि देवळात वाटा येई. इथे देऊळच शेतकरी झालं होतं. धान्य, लोकर, गुरं, घोडे यांच्या वेगवेगळ्या वाड्या, मठाची गरज भागवून उरलेलं बाजारात. यॉर्कशायरच्या फाउंटन्स मठाची लोकर इटलीच्या व्यापाऱ्यांपर्यंत जायची. गावं उठवून वाड्या केल्याच्या तक्रारीही त्या काळापासूनच्या आहेत, आणि शिक्षकांनी त्या लपवल्या नाहीत.

वाडी मठापासून एका दिवसाच्या वाटेपेक्षा लांब नसावी, असा पंथाचा नियम. आता ग्रेट कॉक्सवेलचं कोठार घ्या. ते हॅम्पशायरमधल्या ब्यूली मठाचं, लाकडांच्या वर्षवलयांवरून साधारण १२९२चं, १५२ फूट लांब, आणि आजही उभं आहे. मी नकाशावर पट्टी ठेवली. सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर भरतं! एका दिवसात कोण जाणार? याचं उत्तर वर्गात मिळालं. राजा जॉनने आधी १२०३ मध्ये तिकडची, फॅरिंग्डनची जमीन दिली, आणि पुढच्या वर्षी मठ ब्यूलीला हलवला. जमीन तिकडे राहिली, साधू इकडे आले. याच मठाची १२६९-७०ची हिशोबाची वही शिल्लक आहे, आणि तीत प्रत्येक वाडीचा जमाखर्च वेगळा. तिची चाळलेली पानं पाहताना आमच्या डिव्हिजनची आठवण झाली. मार्चअखेर तेव्हाही असणार.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. तिसरा तास पूर्ण खंदकाच्या छेदावर आहे, आणि वर्गाची सगळी फी त्या एका तासात वसूल होते.

खंदक आडवा कापला की कडेला थर दिसतात. तळाशी खणल्याबरोबर कडा ढासळून पडलेली भरड माती, वर संथ पाण्यात बसलेला बारीक गाळ, त्यावर कुजलेला पाला, मग कुणीतरी मुद्दाम टाकलेली राडारोड्याची भर. हे सोपं. पण शिक्षकांनी पुढे विचारलं, तळातल्या गाळात सापडलेलं खापर १४व्या शतकातलं असेल तर खंदक कधी खणला? वर्गातले बहुतेक लोक म्हणाले, १४व्या शतकात. मला रेकॉर्डिंगवर हात वर करावासा वाटला. अहो, खंदक साफ करतात की! आमच्या कालव्यांतला गाळ उपसला नाही तर पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही. राहती वाडी असेल तोवर गाळ काढला जाणार, जुनी खापरंही त्याबरोबर बाहेर फेकली जाणार. तळातलं खापर सफाई कधी थांबली ते सांगतं. खणल्याची तारीख हवी असेल तर बाहेर काढलेल्या मातीच्या भरावाखाली जा. तिथे भराव पडायच्या आधीची जुनी जमीन दबून राहिलेली असते, आणि तिच्यात जे सापडेल ते खंदकाच्या आधीचं. हे शिक्षकांनी नेमकं असंच मांडलं, छेदाच्या रेघांवर बोट फिरवत, घाई न करता. असं शिकवणारा माणूस मिळणं कठीण.

पाण्याखालच्या गाळाला हवा लागत नाही, त्यामुळे त्यात कातडी जोडे, लाकूड, बिया, भुंग्यांची कवचं टिकतात. कोरड्या जमिनीत यातलं फारसं काही उरत नाही. भुंग्यांवरून शेणाचा ढीग जवळ होता की साठवलेलं धान्य, हे सांगता येतं. या भागाला वीस मिनिटंच दिली. मला तासभर चालला असता.

मासळीतळ्यांचा तासही रंगला. संत बेनेडिक्टने मठांसाठी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे चार पायांच्या प्राण्यांचं मांस साधूंना वर्ज्य, फक्त आजाऱ्याला चालायचं. म्हणून तळी, बंधारे, पाणी सोडायच्या मोऱ्या, आळीपाळीने तळं रिकामं करून स्वच्छ करायची रीत. तळ्यात ब्रीम आणि पाइक. आज तळ्यांशी नाव जोडलेला कार्प इंग्लंडात १५व्या शतकात आला. ब्रीम हा तेव्हा मानाच्या पाहुण्यांपुढे ठेवायचा महाग मासा, त्यामुळे हे व्रत कसलं, एकादशी आणि दुप्पट खाशी.

माझं भांडण चौथ्या तासाशी. खंदक कशासाठी, तर प्रतिष्ठेसाठी, संरक्षणासाठी फारसा नाही. अभ्यासकांचं एकमत असेल, मला मान्य. पण त्या तासात लेव्हलचा एक आकडा आला नाही. चिकणमातीच्या सपाट मुलखात पावसाळी पाणी कुठे जाणार? खंदक खणला की निचरा होतो आणि निघालेल्या मातीने मधली जागा उंच होते. मी आपला एक हिशोब मांडला. आत ५० मीटरचा चौरस, भोवती १० मीटर रुंद खंदक, सरासरी खोली दीड मीटर. खंदकाचं क्षेत्र २,४०० चौरस मीटर, माती ३,६०० घनमीटर. ती सगळी आत पसरली तर जागा जवळजवळ दीड मीटरने उचलली जाते. प्रत्यक्षात बऱ्याच जागा इतक्या उंच नाहीत. मग उरलेली माती गेली कुठे? बाहेरच्या बांधावर? मासळीतळ्याच्या धरणावर? हे ईमेलने पाठवलं. उत्तर यायला वेळ लागला, पण आलं ते मनापासूनचं होतं, आणि पुढच्या तासाला त्यांनी तो हिशोब फळ्यावर घेतला. त्यांच्या मते बाहेरचा बांध आधी तपासावा. माझा कौल अजून धरणाकडे आहे.

गृहपाठासाठी इंग्लंडच्या पर्यावरण खात्याचे विमानातून लेसरने घेतलेले उंचीचे नकाशे वापरतात. ते फुकट आहेत आणि कुणालाही उघडता येतात. त्यावर शेतातल्या गवताखालचा खंदक, सुकलेली तळी, जुन्या नांगरटीच्या वाफ्यांच्या लाटा चक्क दिसतात. हाताने काढलेले जुने सर्वेक्षणाचे नकाशे मात्र आधी शिकून घ्यावे लागतात. उतार दाखवायला बेडकाच्या पिल्लांसारख्या रेघा, डोकं वरच्या कडेला आणि शेपटी खाली. आमच्या ऑफिसात अशा रेघा क्वचित काढल्या, कंटूरवर, म्हणजे समान उंचीच्या रेषांवर, भागायचं. चुंबकीय सर्वेक्षणाचा, म्हणजे न खणता जमिनीतल्या चुंबकीय फरकांवरून खालचं ओळखायचा, भाग मात्र नुसता उरकला. स्लाइड आली, गेली.

एक गोष्ट मला टोचली. लिंकनशायरच्या साउथ विदमला टेम्पलर योद्धे-साधूंची वाडी १९६५ ते १९६७ मध्ये खणली, गिरणी, मासळीतळी सगळं मिळालं, आणि पूर्ण अहवाल छापून आला २००२ मध्ये. वर्गात हे सहज सांगून पुढे गेले. आपल्याकडे शामळाजीजवळच्या देवनी मोरीचा बौद्ध विहार आणि स्तूप महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या मेहता आणि चौधरी यांनी १९६० ते १९६३ मध्ये खणला, कारण मेश्वो धरणाचं पाणी चढणार होतं. अहवाल १९६६ला बाहेर. जागा पाण्याखाली गेली, अस्थिमंजूषा विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाकडे आली. मी चॅटमध्ये हे लिहिलं तेव्हा एका बाईंनी विचारलं, धरण कुणी बांधलं? सिंचाई खात्यानेच, असं लिहिलं आणि गप्प बसले. मठांची शेती म्हटल्यावर वर्ग इंग्लंडबाहेर पाऊल टाकत नाही, हे नाव घालतानाच लक्षात ठेवा.

शेवटचा तास फसला. १३४८-४९ची प्लेगची महामारी, सेवक-बंधू मिळेनासे होणं, वाड्या खंडाने देणं, आणि १५३६ ते १५४० मध्ये आठव्या हेन्रीने मठच मोडणं, एवढं सगळं एका तासात कोंबलं. खंडाने दिलेल्या वाडीच्या खंदकाची सफाई कोण करणार, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता. तिसऱ्या तासातलं ते तळातलं खापर इथे जोडायचं होतं. जोडलं नाही.

मजकूर आपोआप टंकणारी उपशीर्षकं गावांच्या नावांचं वाटोळं करतात, त्यामुळे नावं स्लाइडवरून उतरवा. प्रमाणपत्र मिळत नाही. राजेरजवाडे आणि लढाया हव्या असतील तर पैसे वाचवा. सिव्हिलवाले, शेतीवाले, भूगोल शिकवणारे यांनी जरूर घ्यावा. विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या मुलांना तिसरा तास उपयोगी पडेल, बाकीचं त्यांना येत असेल.

रेकॉर्डिंग वर्ग संपल्यावर फार दिवस ठेवत नाहीत. छेदांच्या पीडीएफ त्याआधी उतरवून रावपुऱ्यात ए-थ्रीवर छापून घ्या. ए-फोरवर थरांचे क्रमांक वाचता येत नाहीत.