सुइका कार्ड: टोक्योत रोजचा वापर आणि आई-बाबांसोबतची क्योतो-हिरोशिमा ट्रिप

टोक्योत निशी-कासाईला राहायला आल्यापासून सुइका, म्हणजे ट्रेन-बसला टेकवायचं प्रीपेड कार्ड, रोज वापरतेय, पण कार्डाचा खरा कस लागला तो आई-बाबा पुण्याहून आले आणि आम्ही सगळे क्योतो, नारा, हिरोशिमा करून आलो तेव्हा. त्यामुळे घरच्यांना घेऊन फिरणार असाल तर वाचा.

माणशी एक कार्ड लागतंच, एकावर दोघं आत जाऊ शकत नाहीत. डिपॉझिट ५०० येन, बॅलन्स जास्तीत जास्त २०,०००. फोनमध्येपण मिळतं, आयफोनवर मस्त चालतं, पण भारतातून आणलेल्या बहुतेक अँड्रॉइडमध्ये त्याला लागणारी फेलिका सिस्टिम नसते. आई-बाबांना मी मुद्दाम प्लॅस्टिकचंच दिलं, गळ्यातल्या पाऊचमध्ये. बाबा आधी प्रत्येक गेटपाशी थांबून कार्ड बाहेर काढायचे आणि मागे ही रांग, मग पाऊचसकट टेकवलं तरी चालतं हे कळलं आणि स्वारी शिंजुकुच्या गर्दीतपण आमच्या पुढे!

लेकीचं चाइल्ड कार्ड वेगळं, सहावीपर्यंतच्या मुलांसाठी, पासपोर्ट दाखवून काउंटरवर मिळतं आणि तिकीट अर्धं. ते टेकवलं की जेआरच्या (जपान रेल्वेच्या) गेटवर पिल्लाचा चिवचिवाट होतो, म्हणून बाईसाहेबांना प्रत्येक स्टेशनवर पहिला नंबर हवा. शाळेत न जाणारं पोर असेल तर कार्डाची भानगडच नाही, एका मोठ्या माणसासोबत दोन पोरं फुकट.

आता तक्रार. २०१३ पासून हे कार्ड ओसाका, क्योतो, हिरोशिमा सगळीकडे चालतं हे खरं, पण टोक्योत टॅप करून आत शिरायचं आणि क्योतोला बाहेर पडायचं असं होत नाही, एरिया बदलला की खेळ खलास. शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) तिकीट वेगळंच. त्यावर उपाय म्हणजे स्मार्टईएक्स अॅप, तिकीट क्रेडिट कार्डावर काढायचं आणि प्रत्येकाच्या सुइकाचा नंबर जोडायचा, मग शिंकान्सेनच्या गेटलापण तेच कार्ड चालतं आणि सीट नंबरची चिठ्ठी बाहेर येते. आईने त्या सगळ्या चिठ्ठ्या जपून ठेवल्यात, कशाला ते विचारू नका. आणि जेआरच्या गाड्यांनी हवं तेवढं फिरायचा ७ दिवसांचा जेआर पास २०२३ मध्ये २९,६५० वरून थेट ५०,००० येन झाला, तोही फक्त टुरिस्टना, त्यामुळे तो विषय आमच्याकडे निघालाच नाही.

क्योतोच्या सिटी बसमध्ये मागून चढायचं, टॅप उतरताना पुढे ड्रायव्हरजवळ. २३० येन फ्लॅट. दिवसात पाचवेळा चढणार असाल तर बस-सबवेचा ११०० चा डे पास परवडतो, आम्ही तोच घेतला आणि त्या दिवशी कार्ड खिशातच. नाराला किंतेत्सु या खाजगी रेल्वेने गेलो तिथे चाललं, हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाच्या जेआर फेरीलाही (बोटीलाही) चाललं, कॉइन लॉकरलासुद्धा बऱ्याच ठिकाणी चालतं (बॅगा टाकून मोकळं व्हायला बेस्ट).

रिचार्ज मात्र बहुतेक मशिनवर कॅशनेच, तेव्हा हजाराच्या नोटा जवळ ठेवा. आत शिरल्यावर बॅलन्स कमी पडला तर घाबरू नका, बाहेर पडायच्या गेटआधी पैसे भरायचं मशिन असतं.

आणि परतीची फ्लाइट ओसाकाहून असेल तर सुइका टोक्यो सोडायच्या आधीच परत करा, तिकडे डिपॉझिट मिळत नाही. येणं-जाणं दोन्ही ओसाकाहून असेल तर सरळ तिथलं इकोका कार्ड घ्या, वापरायला सगळं सेम.